काचेचा धागा आणि शेवटची चारशे पावलं

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा बरं.

केसाएवढा बारीक, पण केस नव्हे. काचेचा आहे, पण जरासा वाकवला तरी मोडत नाही. पोटातून उजेड पळतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. सांगा पाहू, मी कोण?

नाही आलं? मलाही आलं नव्हतं! माझ्याच वर्गातल्या मुलांनी मला ते शोधायला लावलं. त्याचीच ही गोष्ट.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढे कडुनिंब. २०१९ सालच्या उन्हाळ्यात, परीक्षा अगदी तोंडावर असताना, शाळेसमोरच्या रस्त्याकडेला खड खड आवाज करत एक यंत्र आलं. लांबच लांब चर खोदायला लागलं. मग काय विचारता! सगळी चौथी खिडकीत. चरात एक प्लास्टिकची नळी टाकली, तिच्यातून एक काळी केबल सरकवत नेली आणि चर बुजवून माणसं पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी एक तरुण जोडारी आला. झाडाखाली बसून त्यानं केबल सोलली. आत निळे, नारिंगी, हिरवे, तपकिरी असे रंगीत धागे! एक मुलगी पुढे होऊन म्हणाली, "काका, एवढुशा धाग्यातून काय येते जी?"

तो हसून म्हणाला, "सारं जग येते, बेटा. पण आधी नीट जोडू दे मले."

ओळखलंत ना आता? तो धागा म्हणजे ऑप्टिकल फायबर, म्हणजेच प्रकाशतंतू.

एसटीडी बूथची रांग

मुलांनो, तुमच्या आईबाबांना विचारा, ते लहान असताना मुंबई-पुण्याला फोन कसा करायचे? मी लहान असताना आमच्या गावात एकच पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. रात्री उशिरा फोनचे दर उतरत, म्हणून लोक जेवणं आटोपून तिथं रांग लावत. काचेच्या त्या खोक्यात शिरलं, की समोर लाल आकडे पळू लागत. मामाशी बोलताना माझे डोळे मात्र त्या आकड्यांवर! यवतमाळचा नंबर लावायचा तर आधी ०७२३२, पुसदचा असेल तर ०७२३३. हे आकडे तेव्हा पाढ्यांसारखे पाठ असत.

खेडोपाडी फोन पोचला त्यामागेही एक छान गोष्ट आहे. बाहेरच्या देशांतली टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं थंड, वातानुकूलित खोलीत चालणारी. आपल्याकडे धूळ, ऊन आणि जाणारी-येणारी वीज! म्हणून १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी १२८ लाइनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. असं पहिलं एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूर इथं बसलं. आपल्या मातीला, आपल्या हवेला सोसेल असं यंत्र आपणच बनवलं, हे विसरू नका हं. पुढे ते कामी येणार आहे.

मग १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमानं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेही आधी मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत. ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतूनच यायचं. वेग किती? सुरुवातीला सेकंदाला ९,६०० बिट. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एकचा आकडा. आता एक गणित करू या. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो ३० लाख बाइटचा असतो. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे झाले २ कोटी ४० लाख बिट. त्याला ९,६०० नं भागा. उत्तर येतं २,५०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ४२ मिनिटं! एका फोटोसाठी शाळेचा एक अख्खा तास गेला की! आज सेकंदाला ५ कोटी बिट वेगाच्या फायबरवर हाच फोटो अर्ध्या सेकंदात येतो.

उजेड वळणावर कसा वळतो?

उजेड तर सरळ रेषेत जातो असं आपण विज्ञानात शिकलो. मग वाकड्यातिकड्या धाग्यातून तो जातो कसा?

हे घरी करून पाहा. मोठ्या माणसांना सोबत घ्या. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीला बुडापासून चार बोटं वर एक छोटं भोक पाडा. भोकावर बोट ठेवून बाटली पाण्यानं भरा. खोलीत अंधार करा. भोकाच्या बरोबर विरुद्ध बाजूनं टॉर्च लावा आणि बोट काढा. पाण्याची धार वाकून खाली पडेल. त्या धारेत तळहात धरा. हातावर उजेडाचा ठिपका पडलेला दिसेल! उजेड धारेच्या आतल्या कडांवर आपटत आपटत, तिच्याबरोबर खाली आला. पाण्यातून हवेत निसटायला त्याला जमलंच नाही. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. नाव मोठं आहे, पण खेळ सोपा!

फायबरमध्ये पाण्याच्या जागी काच असते. आतला काचेचा गाभा, भोवती दुसऱ्या प्रकारच्या काचेचं आवरण. दूरच्या केबलमधल्या धाग्याचा गाभा एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. आवरणासकट जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. त्यातून धावणारा प्रकाश अवरक्त असतो, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. पण दिसला नाही तरी तो डोळ्यांना इजा करू शकतो. म्हणून तुटलेल्या फायबरच्या टोकात कधीही डोकावायचं नाही. पक्कं लक्षात ठेवा!

या शोधात आपला एक माणूस आहे बरं का. पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पाठवून दाखवलं. फायबर ऑप्टिक्स हे नाव रूढ केलं तेही त्यांनीच. मात्र तेव्हाच्या काचेत एक खोट होती. थोडं अंतर गेलं की उजेड विझायचा. १९६६ साली चार्ल्स काव यांनी सांगितलं, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. काच शुद्ध करा, उजेड दूर जाईल. १९७० साली अमेरिकेत अशी काच बनली, की एक किलोमीटर गेल्यावर शंभरातल्या एका भागाहून जास्त उजेड शिल्लक राहिला. आणि आज? एक किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग शिल्लक असतात. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आवाजाची पाकिटं

"मॅडम, उजेडातून बोलणं कसं जाते?" हा प्रश्न आमच्या वर्गातल्या सर्वांत गप्प मुलानं विचारला होता.

तुम्ही "आई" म्हणता तेव्हा हवा थरथरते. फोनचं यंत्र ती थरथर सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मापाला एक आकडा देतं. प्रत्येक आकडा ८ बिटांचा. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. तुमच्या एका सेकंदाच्या बोलण्याचे ६४,००० शून्य-एक झाले! मग त्यांची छोटी छोटी पाकिटं करायची, सेकंदाला साधारण पन्नास. प्रत्येकावर पत्ता. पोस्टासारखंच की! पलीकडचं यंत्र पाकिटं फोडून पुन्हा आवाज तयार करतं. फायबरमध्ये दिवा लागला की एक, मंदावला की शून्य. म्हणून एकाच धाग्यातून आजीचा फोन, दादाचा अभ्यास आणि बाबांचे कापसाचे भाव, सगळं एकाच वेळी जाऊ शकतं.

धरण, टाकी आणि नळ

आता हे सगळं आपल्यापर्यंत येतं कुठून? यवतमाळ शहराचं पाणी आठवा. निळोणा आणि चापडोह ही धरणं, मग मोठी पाइपलाइन, मग टाकी, मग घरचा नळ. इंटरनेटचंही तसंच. समुद्राच्या तळावरून आलेल्या जाड केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. तिथून मोठमोठ्या फायबर केबल देशभर पसरतात. काचेत उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे मुंबईहून यवतमाळपर्यंतचे सुमारे सातशे किलोमीटर त्याला डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी पार करता येतात.

पण मोठी पाइपलाइन दारापर्यंत येत नाही ना? इथं छोट्या, आपल्या भागातल्या इंटरनेट कंपन्या येतात. सरकार इंटरनेटचा परवाना तीन आकारांत देतं. ए म्हणजे देशभर, बी म्हणजे साधारण एका राज्याएवढा भाग, सी म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढा. आपल्या भागातला पुरवठादार मोठ्यांकडून घाऊक इंटरनेट घेतो आणि घरोघर पोचवतो. कालपर्यंत टीव्हीची केबल जोडणारे कितीतरी लोक आज हेच काम करतात.

पोचवायच्या वाटा दोन. जिथं घरं दाटीनं आहेत तिथं फायबर. एका धाग्यातला उजेड एका छोट्या डबीतून ३२ घरांना वाटता येतो. आणि जिथं मध्ये नाला, टेकडी किंवा कोणाचं वावर आहे, तिथं बिनतारी. एका खांबावर छोटी तबकडी, दुसऱ्या खांबावर दुसरी, दोघींनी एकमेकींकडे पाहायचं. त्याच जोडणीवर आवाजाची सोय केली, की घरचा फोनही चालतो.

महाराष्ट्रात असे प्रयोग पूर्वीपासून झाले आहेत. १९९८ साली कोल्हापूरजवळच्या वारणानगर भागात ७० गावं संगणकांनी साखर कारखान्याशी जोडली गेली, म्हणजे उसाचं वजन गावातच कळावं. पण गावागावातले ते संगणक सांभाळणं जड जाऊ लागलं. तेव्हा २००६ च्या सुमारास काही गावांत साध्या मोबाइलच्या एसएमएसनं तेच काम करून पाहिलं, आणि जमलं! पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या लोकांनी टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून आणि वायफायवरून गावं जोडून पाहिली. त्यांच्या ग्राममार्ग या प्रकल्पाला २०१७ साली मोझिला संस्थेचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं.

आणि आमच्या शाळेसमोरची केबल? देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, असं २०११ साली ठरलं. त्या योजनेचं नाव पुढे भारतनेट झालं. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या टप्प्याला महानेट म्हणतात.

कुलूपबंद पेटी

आता खरी गोष्ट सांगते. ती काही फार गोड नाही.

आमच्या ग्रामपंचायतीत एक पांढरी पेटी बसली. दोन दिवस तिचे हिरवे दिवे लुकलुकले. मग वीज गेली आणि परत आली, तरी दिवे लागले नाहीत. पेटीच्या कपाटाला कुलूप. किल्ली कोणाकडे, ते गावात कोणालाच सांगता येईना. शाळा तिथून चारशे पावलांवर. मुलांनी मोजली आहेत!

आणि मार्च २०२० उजाडला. कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाइलवर आला. पण गावात रेंज होती फक्त मारुतीच्या टेकडीवर. मुलं उन्हात टेकडी चढत. चार मुलांत एक फोन. पावसाळ्यात निसरडं झालं, तेव्हा मी स्वतःच त्यांना सांगितलं, चढू नका. त्या महिन्यांत मी कागदावर गणितं लिहून घरोघरी वाटत फिरले. वाटेत ग्रामपंचायत लागायची. खिडकीतून ती बंद पेटी दिसायची. मुंबईहून शेकडो किलोमीटर धावत आलेला उजेड आमच्या शाळेपासून चारशे पावलांवर येऊन थांबला होता!

शाळा पुन्हा भरल्यावर चौथीच्या मुलांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, तो धागा अजून तिथंच हाय का जी?"

मला लाज वाटली. मग २०२२ साली आम्ही तो विषय ग्रामसभेत मांडला. ग्रामपंचायतीनं ठराव केला. किल्लीचा माग लागला. तालुक्याच्या गावाहून एक केबलवाले भाऊ आले. त्यांनी विजेच्या खांबांवरून शाळेपर्यंत फायबर ओढलं. त्यांनीच आम्हाला पेटी का बंद पडते ते समजावलं. जुन्या तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच तारेतून यायची, म्हणून गावची लाइन गेली तरी फोन चालायचा. काचेतून वीज जात नाही, फक्त उजेड जातो. म्हणून फायबरच्या पेटीला स्वतःची बॅटरी हवी. पालकांनी लोकवर्गणी काढली. कुणी पन्नास दिले, कुणी वीस. बॅटरी आली.

तुटफूटही झाली. आपली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, जमिनीतल्या नळीला ताण देते. रस्तारुंदीत केबल तुटते. वर टांगलेल्या केबलवर वानरं झोके घेतात! एकदा लाइन गेली, तेव्हा तोच जोडारी आला. त्यानं एका छोट्या यंत्रातून धाग्यात उजेडाची चमक सोडली. विहिरीत आवाज दिला की तो आदळून परत येतो ना? तसाच उजेड तुटलेल्या टोकावरून परत आला. सेकंदाचा दहा हजारावा भाग लागला, तर जाऊन-येऊन २० किलोमीटर, म्हणजे तूट १० किलोमीटरवर. पाचवीच्या मुलांनी हे गणित फळ्यावर करून दाखवलं. मग त्यानं धाग्याची दोन्ही टोकं पुसली, कापली, यंत्रात समोरासमोर धरली. बारीकशी ठिणगी पडली, काच वितळली आणि धागा एक झाला.

सागाची पानं

आमच्या शाळेतली काही मुलं नाल्यापलीकडच्या कोलाम पोडावरून येतात. तिथं फायबर गेलेलं नाही. म्हणून शाळेच्या छतावर एक बिनतारी तबकडी बसवली, दुसरी पोडावरच्या अंगणवाडीवर. उन्हाळ्यात झकास चाललं. पाऊस सुरू झाला आणि रडतखडत चालू लागलं. केबलवाले भाऊ येऊन पाहून गेले. यंत्रात दोष नव्हता.

पोडावरच्याच एका सहावीतल्या मुलीनं वहीत रोज लिहायला सुरुवात केली. आज चाललं, आज नाही. चार महिन्यांची वही घेऊन ती आली आणि म्हणाली, "मॅडम, सागाले पानं फुटली का बंद होते. पानं झडली का चालते."

अगदी बरोबर! सागाची सुपाएवढी ओली पानं त्या लहरी अडवत होती. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, तेव्हा दोन तबकड्यांना एकमेकी दिसतात. पानं आली की मध्ये पडदा. मोठ्यांना चार महिन्यांत जे उमगलं नाही, ते एका वहीनं सांगितलं. ती वही आम्ही ग्रामसभेत ठेवली. झाडं तोडायची नाहीत, पोडावरचा खांबच उंच करायचा, असं ठरलं आहे. खांब अजून आलेला नाही. ती दर सोमवारी मला विचारते. विचारलंच पाहिजे!

मुलांनो, कपानींनी चित्र पाठवलं, काव यांनी काच शुद्ध करायला सांगितली, सी-डॉटनं धुळीत चालणारं एक्स्चेंज बनवलं. पण शेवटची चारशे पावलं कुठलाच शास्त्रज्ञ चालून देत नाही. ती गावानंच चालायची असतात. किल्ली कोणाकडे, बॅटरी कोण भरणार, लाइन गेली तर कोणाला सांगायचं, हे ठरवावं लागतं.

म्हणून या सुट्टीत एवढं करा. तुमच्या गावात पेटी कुठं आहे ते शोधा, पण तिला हात लावू नका. तिचे दिवे लागतात का ते पाहा. एक वही करा. आज चाललं, आज नाही. पालकांनो, मुलांनी विचारलं तर "तुला काय करायचंय?" असं म्हणू नका. आणि इंटरनेट घरी आल्यावर मूल त्यावर काय पाहतं, किती वेळ पाहतं, तेही शेजारी बसून पाहा. नळ आला म्हणून कोणी दिवसभर पाणी वाहू देत नाही ना?

आणि हो, पोडावरचा खांब उभा राहिला, की मी तुम्हाला नक्की कळवीन.